लॅपटॉप घेताना आधी काम लिहा, मग यंत्र बघा



मागच्या महिन्यात आपल्या एका प्रभागसंघाच्या बैठकीत तीन दरपत्रकं समोर आली. पहिल्यात साधा लॅपटॉप, दुसऱ्यात साधा लॅपटॉप आणि सोबत वेगळा मोठा स्क्रीन, तिसऱ्यात ‘मोबाइल वर्कस्टेशन’. तिसऱ्याचा आकडा पहिल्याच्या दुपटीहून जास्त. अध्यक्षाताईंनी मला विचारलं, “महाग आहे म्हणजे चांगलंच असेल ना गं?” त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून या महिन्याचा हा धडा.

आधी माझी चूक सांगते. मी कामाला लागले त्या वर्षी एका संघाला लॅपटॉप मीच सुचवला होता. किंमत कमी, वर बॅग आणि माऊस फुकट, एवढंच बघितलं. दसऱ्याच्या आधी ऊसतोडीला निघालेल्या सख्यांना आपापल्या बचतीचा आणि कर्जाचा हिशोब कागदावर हवा होता. पण त्या लॅपटॉपवर एक्सेलची फाइल उघडायलाच पाच मिनिटं लागायची. लेखापाल ताई रात्रीपर्यंत बसल्या, डोकं धरून बसल्या. तरी काही जणी कागद न घेताच ट्रकमध्ये चढल्या. नंतर फडावरून एका ताईचा फोन आला, “माझं कर्ज किती राहिलंय?” मला लगेच सांगता आलं नाही. म्हणून सांगते, यंत्राची निवड हा फक्त दुकानाचा विषय नाही. आपल्या हिशोबावरच्या विश्वासाचा विषय आहे.

१. आधी कामाची यादी

दुकानात जायच्या आधी वहीत लिहा: या यंत्रावर काय होणार, कोण बसणार आणि रोज किती तास? आपल्या संघांची यादी साधारण अशी होते: हिशोब आणि अहवाल, मराठी टायपिंग, ऑनलाइन अर्ज, बँकेचे उतारे, व्हिडिओ कॉलवरच्या बैठका, पापड-मसाल्याच्या पाकिटांची लेबलं.

२. ‘वर्कस्टेशन’ म्हणजे काय?

इमारतीचे, यंत्रांचे त्रिमितीय नकाशे काढणारे किंवा दिवसभर मोठे व्हिडिओ जोडणारे लोक हे यंत्र वापरतात. त्यात चित्रांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं. यंत्र जड, चार्जर मोठा आणि बॅटरी लवकर उतरते. यंत्र चांगलंच आहे, पण वरची यादी त्याच्या ताकदीची नाही. भाजी आणायला ट्रॅक्टर कशाला? तुमच्या संघातली एखादी मुलगी रोज व्हिडिओ संपादनाचं काम घेत असेल, तर मात्र तिच्यासाठी विचार करा.

३. दरपत्रकातले चार आकडे

रॅम: हा स्वयंपाकाचा ओटा समजा. ओटा मोठा असेल तर चार कामं एकदम मांडता येतात. ८ जीबीपेक्षा कमी नको. १६ जीबी परवडत असेल तर उत्तम. पुढे वाढवता येईल का, तेही विचारा.

साठा: ही आपली कोठी. ‘एसएसडी’ असंच लिहिलेलं हवं, ५१२ जीबी पुरे. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क नको. माझ्या चुकीच्या लॅपटॉपात तीच होती.

प्रोसेसर: ‘कोअर आय ५’ एवढ्यावर थांबू नका, पुढचा आकडा वाचा. आय ५-१२३५यू मधले १२ म्हणजे बारावी पिढी. आय ५-८२५०यू मधला ८ म्हणजे आठवी, म्हणजे बराच जुना.

विंडोज: विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ हवं. वापरलेलं वर्कस्टेशन स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल, तर ते विंडोज ११ वर चालतं का आणि बॅटरी किती वेळ टिकते, हे समोर बसून बघा.

४. पैसा डोळ्यांवर खर्च करा

रोज पाच-सहा तास बसणाऱ्या ताईला सगळ्यात जास्त फरक पडतो तो स्क्रीनचा. स्क्रीनचं माप कोपऱ्यापासून तिरपं घेतात. लॅपटॉपचा १५.६ इंची आणि वेगळा २४ इंची स्क्रीन घेतला, तर मोठ्याची जागा दुपटीहून जास्त भरते. बचत, कर्ज, व्याज, थकबाकी असे सगळे रकाने न सरकवता एकदम दिसतात. हिशोबातल्या चुका तिथेच कमी होतात.

दुकानात हे करा:
• ‘फुल एचडी’, म्हणजे १९२० × १०८० लिहिलंय का बघा. १३६६ × ७६८ नको.
• स्क्रीन बंद करून दाराकडे तोंड करा. आरशासारखा आपला चेहरा दिसला, तर ऑफिसातही उजेड चमकणार.
• दोघी जणी दोन बाजूंना उभ्या राहा. कडेने रंग फिके पडले, तर तो नको. आयपीएस पॅनेल असेल तर हा त्रास कमी.
• बारीक अक्षरात ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ऱ्या’ टाइप करून वाचा.
• लॅपटॉप आणि स्क्रीन दोन्हींना एचडीएमआयची जागा आहे ना, तपासा.

लाइट गेली की मोठा स्क्रीन बंद होतो, पण लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि काम वाया जात नाही. शिवाय गावातल्या बैठकीला लॅपटॉप तेवढा उचलून नेता येतो.

स्क्रीन हातभर अंतरावर ठेवा. वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, खाली वीट ठेवली तरी चालेल. खिडकी बाजूला असू द्या. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघा.

५. पैसे देण्याआधी

किंमत जीएसटी धरून विचारा. ५०,००० रुपयांवर १८ टक्के म्हणजे ९,००० आणखी. बिल संघाच्या नावानं घ्या, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक हवा. वॉरंटीत कारागीर ऑफिसात येणार, की आपल्याला लातूर नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागणार? हे लेखी घ्या. मग ठराव आणि जडवस्तू नोंदवहीत नोंद.

त्या बैठकीत शेवटी काय ठरलं? लेखापाल ताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “मला रकाने दिसू द्या, बाकी मी बघते.” दुसरं दरपत्रक मंजूर झालं.

पुढच्या बैठकीसाठी काम: कामाची यादी फळ्यावर लिहा. रोज बसणाऱ्या ताईला खरेदी समितीत घ्या आणि दुकानात खुर्चीवर तिलाच बसवा. यंत्र तिच्या हाताला आणि डोळ्यांना पटलं पाहिजे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक