समुद्रासाठी एक दिवस मोकळा ठेवा

अंदमानला जायचं ठरलं की काय पाहावं, कुठे जेवावं, फोटो कुठून छान येतात याच्या याद्या भराभर हातात पडतात. मधल्या बेटावर असताना बोट रद्द झाली तर बरोबरच्या माणसाशी कसं निभवायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीबरोबर मी ते अनुभवलं. तुमच्यापैकी कोणी अशा सहलीच्या विचारात असेल तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

आमच्या परिस्थितीत मोठा फरक होता. मी नोकरीतून मोकळी झालेली. ती अजून बँकेत, मोजकी रजा काढून आलेली आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. निघताना दोघींनाही या फरकाचं विशेष काही वाटलं नव्हतं.

पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला उतरलो त्याच दिवशी सेल्युलर जेल पाहिलं. सावरकरांनी १९११ ते १९२१ ही वर्षं जिथे काढली ती कोठडी पाहताना दोघींच्या तोंडून शब्द फुटला नाही. जेलच्या मूळच्या सात रांगांपैकी आता तीनच उभ्या आहेत, तरी त्या लांबलचक ओसरीतून चालताना छाती दडपते. मराठी माणसाने हे ठिकाण शेवटच्या दिवसावर टाकू नये. शेवटचा दिवस आपल्या हातात राहीलच असं नाही.

तिथून बोटीने हॅवलॉकला गेलो. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप. राधानगरच्या किनाऱ्यावर पोचलो आणि मैत्रिणीने चपला हातात घेतल्या त्या थेट अंधार पडेपर्यंत. पाठीमागे समुद्री मोहाची उंच झाडं, समोर पिठासारखी वाळू, पाणी कमरेइतकं असताना खाली पायाची बोटं दिसतात. तिला पोहता येत नाही. माझा हात धरून लाटेत उभी राहिली आणि शाळेतल्यासारखी खदखदून हसली. एवढ्यासाठी सगळी सहल करावी! पण तिथे दुपारी चारच्या आत पोचा. अंदमान देशाच्या पार पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की लगेच बाहेर या. या बेटांच्या पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत; सूचनाफलक उगाच लावलेले नसतात.

दुसऱ्या दिवशी स्नॉर्कलिंग केलं. रबरी रिंगला धरून, वाटाड्याच्या सोबतीने पोहता न येणारी व्यक्तीही पाण्याखालची प्रवाळं पाहू शकते. मात्र चेहरा पाण्यात असला की पाठ उन्हात भाजते आणि गार पाण्यात ते कळत नाही. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालूनच उतरा. प्रवाळावर पाय देऊ नका, त्याचा पडलेला तुकडाही पिशवीत टाकू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

स्कूबासाठी मात्र प्रशिक्षकाने मैत्रिणीला नकार दिला. तिला सर्दी झाली होती. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कानातला दाब सारखा होतो. सर्दीने नाक-कानाची वाट बंद असेल तर तो होत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. ती हिरमुसली, पण त्या माणसाने पैशांवर पाणी सोडून तिचा कान वाचवला. असा नकार देणारा प्रशिक्षक चांगला समजा. आणखी एक : डुबकीनंतर विमानात बसण्याआधी पूर्ण एक दिवस जाऊ द्या. शरीरात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो.

परतीच्या दिवशी वारा उठला. जेट्टीवर गेलो तर बोटी बंद. पुन्हा कधी सुटतील, कोणाला सांगता येईना. पावसाने फोन लागेना, इंटरनेट रडतखडत. खोलीत आम्ही दोघी आणि छपरावर पाऊस. मी म्हटलं, "अगं, वारा पडला की सुटेल बोट, आराम कर." ती ताडकन म्हणाली, "तुला काय गं, तुझी वाट बघणारं घरी कोण आहे?"

ते वाक्य मला फार लागलं. काही वेळ कोणी कोणाशी बोललं नाही.

मग मी छत्री घेऊन किनाऱ्याकडे गेले, ती जेट्टीकडे. सगळी दुपार वेगवेगळी काढली. तिला तिथल्या एका दुकानातून फोन लागला. नणंद सासूबाईंजवळ येऊन राहिली होती. रात्री जेवताना ती आपणहून म्हणाली, "मला बोटीचं एवढं नव्हतं गं. घरी काय चाललंय ते कळत नव्हतं, त्यानं जीव टांगला होता." मला तेव्हा उमगलं की माझ्या शांत राहण्यानेच तिला आणखी एकटं वाटलं होतं. काळजीत असलेल्या माणसाला 'आराम कर' म्हणण्याऐवजी 'घरी कोणाला फोन लावू या?' असं विचारावं.

दुसऱ्या दिवशी बोट सुटली. विमानाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवला होता, म्हणून विमान मिळालं. जेट्टीवर कितीतरी कुटुंबं त्याच दिवशीच्या विमानाची तिकिटं हातात घेऊन उभी होती. डिसेंबर २०१६ मध्ये तर वादळी हवेने हॅवलॉक आणि शेजारच्या नील बेटावर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली होती. समुद्र शांत म्हणवणाऱ्या महिन्यांतही हे घडतं.

म्हणून बेटांवरून परतल्यावर लगेच विमान गाठू नका. मध्ये एक पूर्ण दिवस ठेवा. तो वाया जात नाही, डुबकीनंतरची विश्रांतीही त्यातच होते. नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या. इंटरनेट गेलं की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत, तेव्हा पुरेशी रोकड जवळ असू द्या. दोघींची सिमकार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची असली तर उत्तम. सामायिक खर्चासाठी एक पाकीट करा, म्हणजे नारळपाण्याचे पैसे कोणी दिले याचा हिशोब मनात साठत नाही. एकीला पहाटे काला पथ्थर किनाऱ्यावरचा सूर्योदय हवा असेल आणि दुसरीला झोप, तर खुशाल वेगवेगळं वागा. रोज एखादी दुपार आपापली ठेवा.

आणि तिकिटं काढण्याआधी समोरासमोर बसून एकमेकींना विचारा : यायला एक-दोन दिवस उशीर झाला तर तुझ्या घरी काय अडेल? ते कोण सांभाळेल? ज्या माणसाचं नाव निघेल त्याला तेव्हाच फोन करून विचारून ठेवा, त्याचा नंबर दोघींच्या वहीत लिहा आणि मगच पैसे भरा.