माणदेशातून दिसणारा भारत

दहावीला भूगोल चाळीस गुणांचा. त्यामुळे गणित-विज्ञानाचे जादा तास झाल्यावर उरलेल्या वेळात तो उरकायचा, अशी रीतच पडली आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मी नववी-दहावीला हा विषय शिकवत आलो. मुलं हुशार, पाठांतर चोख. पण हिमालय, गंगेचं मैदान, मौसिनरामचा पाऊस हे सगळं पुस्तकातलं आणि आपलं गाव पुस्तकाबाहेरचं, अशी त्यांची पक्की समजूत. भारताचा भूगोल आपल्या शिवारातूनच सुरू होतो, हे पटवण्यात माझी मास्तरकी गेली. त्यातून हाती लागलेले हे काही अनुभवाचे बोल.

1. नद्यांच्या यादीआधी पाण्याची वाट विचारा.

शाळेच्या पत्र्यावर पडलेलं पाणी शेवटी कुठं पोचतं? ओढा आणि माणगंगा, इथवर सगळे येतात. पुढं नकाशा उघडावा लागतो. माणगंगा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रातून बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र आपल्याला कितीतरी जवळ, मग पाणी लांबच्या समुद्राकडं का जातं? यावर वर्ग विचारात पडतो. दख्खनचं पठार पूर्वेकडं कललेलं आहे, या वाक्याला तेव्हा कुठं अर्थ येतो. मग त्र्यंबकेश्वरला उगवणारी गोदावरी सुमारे 1,465 किलोमीटर वाहत पूर्वेला का जाते, हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘सर, मग नर्मदा आणि तापी पश्चिमेला कशा?’ हे मुलंच विचारतात. खचदरी शिकवायची ती या प्रश्नानंतर, आधी नाही.

2. मोसमी पाऊस समजायला एक जिल्हा पुरतो.

महाबळेश्वर आमच्याच जिल्ह्यातलं. तिथं वर्षाला सुमारे 6,000 मिलिमीटर पाऊस, आणि माणमध्ये 500 च्या आसपास. तोही आला तर. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पाची हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते आणि घाटमाथ्यावर रिती होते. पलीकडं उतरताना ती तापते, कोरडी होते. पर्जन्यछाया कशी असते, हे आमच्या मुलांना शिकवावं लागत नाही. ती तिच्यातच वाढलेली. दहावीच्या पुस्तकात भारताच्या जोडीला ब्राझील आहे. त्याच्या ईशान्येकडचा ‘अवर्षण चतुष्कोन’ वाचताना एकानं सहज म्हटलं, ‘सर, म्हणजे हा त्यांचा माणदेशच की!’ तुलनेवरचे प्रश्न त्या दिवसापासून सोपे झाले.

3. आकडा पाठ करा, पण तो मोजला कसा हेही विचारा.

भारताच्या किनाऱ्याची लांबी सुमारे 7,517 किलोमीटर, हे पिढ्यान्‌पिढ्या घोकलं गेलं. अलीकडं सरकारनं फेरमोजणी केली आणि आकडा 11,098 वर गेला. देश वाढला नाही, नकाशाचं प्रमाण बदललं. लहान प्रमाणाच्या नकाशात खाड्या आणि वळणं पुसली जातात. मोठ्या प्रमाणावर मोजलं की ती हिशेबात येतात. वर्गात दोरा द्यावा. भिंतीवरच्या भारताच्या नकाशात रत्नागिरीचा किनारा मोजायचा, मग जिल्ह्याच्या नकाशात, आणि दोन्हींचे किलोमीटर काढायचे. उत्तरं जुळत नाहीत आणि मुलं वाद घालतात. नकाशाप्रमाण हा रटाळ धडा त्या वादात नीट उमगतो. पेपरात पुस्तकातलाच आकडा लिहा, हेही सांगून ठेवावं.

4. रेखावृत्त अंगणात उतरवा.

भारतीय प्रमाणवेळ 82°30’ पूर्व रेखावृत्ताची, मिर्झापूरजवळून जाणारी. आमचं गाव साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. फरक आठ अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे बत्तीस मिनिटं. मैदानात काठी उभी केली की सर्वांत आखूड सावली घड्याळातल्या बाराला पडत नाही. ऋतूप्रमाणं थोडी मागंपुढं, पण साडेबाराच्या सुमाराला पडते. आसामातल्या चहाच्या मळ्यांत घड्याळ तासभर पुढं ठेवून काम चालतं, ते ‘बागान टाइम’ मग गमतीची गोष्ट राहत नाही, गरज वाटते.

5. जुना नकाशा टाकू नका.

आमच्या वर्गातल्या एका नकाशात तेलंगण नव्हतं. तो काढायला निघालेल्या शिपाईमामांना मी थांबवलं आणि नवा नकाशा त्याच्या शेजारी लावला. 2014 चं तेलंगण, 2019 चं लडाख, 2020 मध्ये एक झालेले दादरा-नगरहवेली आणि दमण-दीव: फरक शोधण्यात तास कसा गेला कळलं नाही. डोंगर आणि नद्या दोन्हीकडं त्याच. प्राकृतिक आणि राजकीय नकाशातला भेद सांगायला व्याख्या लागली नाही. आराखडा भरण्याचा सराव मात्र रोजचा हवा. रोज एकच कोरा आराखडा, पाच नावं आणि सूची.

6. स्थलांतराचा धडा घरून आणायला सांगा.

आमच्या भागातली आणि शेजारच्या खानापूर-आटपाडीची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली. ‘तुमचा कोण कुठं आहे?’ विचारलं की फळ्यावर भारत भरत जातो. कुणाचा मामा कोईमतूरला, कुणाचा चुलता कोलकात्याला, कुणाचा भाऊ लष्करात लेहला. तिथं कोणती भाषा, काय पिकतं, जायला कोणती गाडी, हे मुलं फोन करून विचारून येतात. ‘गाव का सोडलं?’ याचं उत्तर बहुतेक घरांत एकच मिळतं: दुष्काळ. पाऊस, शेती आणि लोकसंख्या ही पुस्तकातली निरनिराळी प्रकरणं एका घराच्या कहाणीत एकत्र येतात.

7. निसर्गापाशी थांबू नका.

उतारानं पाणी खाली जातं, हे पहिल्या धड्यात आलं. पण कऱ्हाडजवळच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत नेलं जातं. मग वर्गात खरे प्रश्न सुरू होतात. वीजबिल कुणी भरायचं? आलेल्या पाण्यावर ऊस लावायचा की डाळिंब? कालव्याच्या शेवटच्या माणसाला पाणी पोचणार का? यांची उत्तरं मार्गदर्शक पुस्तिकेत नसतात आणि परीक्षेत त्यांना गुणही नसतात. तरीही हा तास मी कधी कापत नाही. हीच मुलं उद्या ग्रामसभेत बसणार आहेत. पाण्यावर बोलताना त्यांच्यासमोर नकाशा असावा, एवढ्यासाठी हा विषय शिकवायचा.