ब्रेकचा स्विच डायरेक्ट करू नकोस

चि. संकेत,

दादा फोनवर सहज बोलून गेला, की तू कुणाच्या तरी गाडीची बंद पडलेली क्रूझ कंट्रोल ‘ब्रेकचा स्विच डायरेक्ट करून’ चालू करून दिलीस आणि गिऱ्हाईक जाम खूश झालं. त्याला वाटलं, आत्या कौतुक करील. माझा मात्र जीव टांगणीला लागला. ऐकीव गोष्टीवरून कुणाला बोलू नये हे मलाही कळतं. तू तसं केलं नसशील तर हे पत्र वहिनीला दाखव आणि दोघं मिळून मला हसा. पण केलं असशील तर आधी त्या माणसाला फोन लाव, गाडी परत बोलाव, आणि मग पुढचं वाच.

पेडलच्या वर बसवलेल्या त्या बोटभर स्विचात दोन वेगळे पॉइंट असतात. पाय पडला की एक जोडला जातो आणि ब्रेकलाइट लागतो. दुसरा त्याच वेळी तुटतो, आणि क्रूझला सोडून देण्याचा हुकूम तो तुटण्यातून मिळतो. हा दुसरा मुद्दाम उलटा ठेवलेला आहे. वायर तुटो, कनेक्टर सैल होवो, क्रूझ बंदच पडावी, अडकून राहू नये, एवढ्यासाठी. म्हणजे तू ज्याला बिघाड म्हणालास ती बहुधा गाडीची सावधगिरी होती. तिथे तार टाकलीस की जुन्या गाडीत सगळी भिस्त एकट्या ब्रेकलाइटच्या पॉइंटवर येते, आणि त्याचाही फ्यूज उडाला तर पाय पडल्याचं क्रूझला कळणार कसं? नव्या गाडीत कंट्रोल युनिट दोन्ही सिग्नल ताडून बघतं. ते जुळले नाहीत की पी०५०४ सारखा कोड टाकतं आणि क्रूझ नाकारतं. जुन्या गाडीत घातक, नव्या गाडीत निरुपयोगी, अशी ही करामत आहे. तू म्हणशील, ब्रेक इंजिनला भारीच पडतो, शिवाय कॅन्सलचं बटण आहे. ब्रेक भारी पडतो, कबूल. पण थ्रॉटल उघडा असताना थांबायला लागणारं अंतर वाढतं. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते, आणि पुढे अचानक ट्रक दिसला की माणसाचा पाय ब्रेककडे जातो, अंगठा बटणाकडे जात नाही.

मुळात स्विच गेला हे तू ठरवलंस कशावरून? क्रूझ लागत नाही म्हटलं की गाडीच्या मागे जाऊन उभं राहायचं. पेडल मोकळं असताना ब्रेकलाइट लागलेलाच असेल तर पुष्कळदा स्विच धडधाकट असतो. पेडलवरचा प्लॅस्टिकचा छोटा स्टॉपर कुजून मॅटवर त्याचा चुरा पडलेला असतो आणि स्विचची दांडी आता कशालाच टेकत नाही. गाडीला वाटतं, ब्रेक दाबलेलाच आहे. किरकोळ पैशांची वस्तू! तिथे सगळं नीट दिसलं तर स्कॅनर लावून लाइव्ह डेटात ब्रेक, क्लच आणि सेटचं बटण दाबल्यावर काय बदलतं ते बघ. एबीएसच्या किंवा इंजिनच्या दिव्यामुळेही क्रूझ रुसते. त्यानंतर स्टिअरिंगवरची बटणं. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ती सगळी एकाच वायरवर रेझिस्टन्सच्या फरकाने ओळखली जातात: रिझ्यूम सुमारे २४० ओहम, सेट ६३०, कॅन्सल १५४० च्या आसपास. पॉइंट काळा पडला की सेटचे ६३० भलतीकडेच भटकतात; बटण दबतं, पण युनिटला तो आकडा ओळखता येत नाही. बटणाचा आकडा बरोबर येतोय आणि स्टिअरिंग फिरवल्यावर सिग्नल तुटतोय, जोडीला हॉर्नही मुका झालाय, तर क्लॉक स्प्रिंगकडे बघ. आणि तिथे हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून निदान ९० सेकंद थांब. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मीटर लावायचा नाही, म्हणजे नाही.

गिऱ्हाईक घाईत असतं, पार्ट यायला वेळ लागतो, हा तुझा मुद्दा खोटा नाही. पण फोर्डचं उदाहरण बघ. अमेरिकेत त्यांच्या गाड्यांत क्रूझ तोडणारा स्विच ब्रेकच्या लाइनवर बसवलेला होता आणि इंजिन बंद असतानाही त्यात करंट असायचा. आतला पातळ पडदा फाटून ब्रेक ऑइल विजेच्या बाजूला झिरपलं, उभ्या गाड्या पेटल्या, आणि १९९९ ते २००९ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पार्ट तयार नव्हते तेव्हा कित्येकांच्या त्या स्विचचा कनेक्टर सरळ काढून ठेवला गेला. क्रूझ बंद, गाडी चालू. पुढे दुरुस्ती झाली तीही फ्यूज असलेली वायर मध्ये जोडून. एवढ्या मोठ्या कंपनीला गिऱ्हाइकाला ‘थोडे दिवस क्रूझशिवाय चालवा’ म्हणण्यात कमीपणा वाटला नाही, मग तुला का वाटावा?

खरं तर बोल तुला एकट्याला लावणं बरोबर नाही. ‘डायरेक्ट करून दिलं’ हे हुशारीचं लक्षण आमच्याच पिढीने मानलं. पंपाची मोटर असो की गाडीचा फॅन, तार टाकून चालू करणाऱ्याची आम्ही पाठ थोपटली आणि शोधत बसणाऱ्याला ढिला म्हटलं. तू तेच बघत वाढलास. तुझ्या हातात कसब आहे, म्हणून तर लोक तुझ्याकडे येतात; त्यातल्या कुणाची पेडलवर पाय ठेवूनही क्रूझ सुटली नाही असं व्हायला नको, आणि ते तुझ्या मनाला लागून राहायला नको, एवढंच माझं म्हणणं.

ती तार मात्र आजच काढ. नवीन स्विचचे पैसे गिऱ्हाईक देत नसेल तर मला सांग, मी पाठवते, दादाला कळायची गरज नाही. पेडलखाली डोकं घालताना सीट पूर्ण मागे घेत जा, तुझी मान दुखते म्हणून वहिनी सांगत होती. आणि दुपारचा डबा चार वाजता खाऊ नकोस रे.

तुझी,
आत्या