गुरुजींना विचारायचं कुणी?

प्रश्न : आमच्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजी आठवड्यातून दोन-तीनदाच येतात. शाळा व्यवस्थापन समितीत मी आहे, पण सहीपुरती. काय करू? – एक पालक, ता. पेण

उत्तर : इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत. शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणं हे तिचंच काम. पुढच्या सभेत शिक्षकांचं हजेरीपत्रक मागा, गैरहजेरीच्या तारखा इतिवृत्तात लिहायला लावा. मात्र त्या दिवशी गुरुजींना तालुक्याला बैठकीला बोलावलं होतं का, तेही विचारा; उगाच बोट दाखवू नका. तरी फरक पडला नाही, तर कलम 32 खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. सभा मात्र दिवाळीआधीच लावा. पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांतले पालक नंतर वीटभट्ट्यांवर जातात, मग गणपूर्ती कुठून होणार?