झेपलिन की पर्पल? आधी १९७२ चा उन्हाळा ऐका

लेड झेपलिन आणि डीप पर्पल. दोन्ही बँड इंग्लंडचे, दोन्ही १९६८ साली सुरू झालेले. दोघांत थोर कोण, यावरून माझ्या ओळखीतल्या जिवलग मित्रांनी एकमेकांशी अबोला धरलेला मी पाहिला आहे. कॅसेटच्या जमान्यापासून मी हा वाद ऐकतो आहे, घालतो आहे, आणि माझं मत पक्कं आहे. एकमेकांच्या साथीनं वाजवणारा बँड म्हणून डीप पर्पल सरस. असं का म्हणतो आणि हा वाद घालायचा तर कसा घालावा, त्याबद्दल अनुभवाचे चार बोल.

१. कोणता पर्पल, ते आधी ठरवून घ्या

झेपलिनबाबत हा प्रश्न उद्भवत नाही. गिटारवादक जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लँट, बासवादक जॉन पॉल जोन्स आणि ड्रमर जॉन बॉनम हे चौघं पहिल्या तालमीपासून १९८० पर्यंत तेच राहिले. पर्पलमध्ये मात्र माणसांची ये-जा चालूच होती. पहिल्या तीन अल्बमवर गायक होता रॉड इव्हान्स. १९६९ मध्ये गायक इयन गिलन आणि बासवादक रॉजर ग्लोव्हर आले, १९७३ मध्ये दोघेही बाहेर पडले, आणि १९७५ मध्ये गिटारवादक रिची ब्लॅकमोरनंही बँड सोडला. चाहते या संचांना मार्क वन, मार्क टू असे क्रमांक देतात. वाद घालायचा तो मार्क टूवर, म्हणजे १९६९ ते १९७३ या काळातल्या पर्पलवर. हे आधी कबूल करून घेतलं नाही, तर समोरचा माणूस ब्लॅकमोर नसतानाचा एखादा अल्बम पुढे करतो आणि सगळी चर्चा भलतीकडेच जाते.

२. गायक बाजूला ठेवा, ड्रमरपासून सुरुवात करा

प्लँटचा आवाज मोठा की गिलनचा, या प्रश्नावर रात्र सरते आणि हाती काही लागत नाही. ड्रमर ऐकले की दोन्ही बँड चटकन उलगडतात. बॉनम ठोका किंचित रेंगाळत टाकतो. मात्रा चुकत नाही, पण ती येईपर्यंत ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. झेपलिनच्या संगीतातलं वजन बरंचसं त्या रेंगाळण्यात आहे. ‘कश्मीर’ नीट मोजून पाहा. ड्रम सरळ चारात चालतात, वरची मुख्य धून तीनच्या हिशेबात फिरते, आणि ठरावीक अंतरानं दोन्ही एका जागी येऊन भेटतात. समेची सवय असलेल्या आपल्या कानांना ते फार सुखावतं.

पर्पलचा इयन पेस डावखुरा. त्याच्या हातात जॅझ आणि बिग बँडची लवचीक चाल आहे. तो पुढे रेटतो, चिमटे काढतो, गिटार वळली की तोही वळतो. बॉनम जमीन तयार करतो आणि बाकीचे तीन त्यावर उभे राहतात. पेस स्वतःच चर्चेत उतरतो. एकटा ड्रमर म्हणून मी बॉनमला वरचं स्थान देईन, त्यात मला शंका नाही. पण आपला प्रश्न बँडचा आहे.

३. एकच ट्रक, दोन घरं

रोलिंग स्टोन्सनं एका ट्रकमध्ये फिरता स्टुडिओ बसवून घेतला होता आणि तो इतर बँडनाही भाड्यानं मिळायचा. १९७०–७१ च्या हिवाळ्यात हा ट्रक इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात, हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराबाहेर उभा होता. आत झेपलिनचा चौथा अल्बम तयार होत होता. वर्षभरानं, डिसेंबर १९७१ मध्ये, तोच ट्रक स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला पोहोचला. तिथे पर्पलचा ‘मशीन हेड’ ध्वनिमुद्रित झाला. दोघांची तुलना करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

हेडली ग्रेंजमध्ये बॉनमचा ड्रमसेट जिन्याखालच्या उंच दिवाणखान्यात मांडला होता. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सनं वरच्या मजल्यावरून दोन मायक्रोफोन खाली सोडले. ड्रमच्या जवळ एकही माइक नाही. ठोका भिंतींवर आपटून, जिन्यावरून चढून वर येतो तेव्हा त्या माइकमध्ये शिरतो. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ची सुरुवात अशी तयार झाली. पुढे हिप-हॉपवाल्यांनी तो ठेका कितीतरी वेळा उचलला. इथे पेजनं अख्खं घर वाद्यासारखं वापरलं. झेपलिनचे सगळे अल्बम निर्माता म्हणून त्यानंच घडवले. पहिल्या अल्बमचा खर्चही त्यानं स्वतःच्या खिशातून केला होता. एका माणसाच्या डोक्यात नादाचं पूर्ण चित्र तयार आहे आणि बाकीचे तिघं प्रतिभावंत त्यात रंग भरताहेत, हे झेपलिनचं बळ.

माँत्रोमध्ये सगळं बिनसलं. पर्पल जिथे ध्वनिमुद्रण करणार होते ते कॅसिनो ४ डिसेंबरला संगीतकार फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमातच आगीत खाक झालं. शेजारच्या तळ्यावर पसरलेला तो धूर पुढे त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यात आला. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या एका थंडगार मजल्यावर गाद्या टेकवून आवाज अडवला आणि पाचजण तिथेच वाजवायला बसले. वाजवलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत मोठा वळसा पडायचा. म्हणून त्यांनी दरवेळी जाऊन ऐकणंच बंद केलं. वाजवायचं, एकमेकांच्या चेहऱ्यावरून जमलं की नाही ते ओळखायचं आणि पुढे जायचं. मार्क टूच्या स्वतःच्या गाण्यांवर श्रेय म्हणून पाचही नावं असतात. मला त्यांचं संगीत तसंच ऐकू येतं, पाच जणांच्या सामाईक मालकीचं.

४. ऑर्गन नीट ऐका

पर्पलची चर्चा ब्लॅकमोरवर सुरू होते आणि तिथेच संपते, हा ऑर्गनवादक जॉन लॉर्डवर मोठा अन्याय आहे. लॉर्ड पाश्चात्त्य अभिजात संगीतात मुरलेला. सप्टेंबर १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि रॉक बँड एकत्र आले, ती रचना त्याची होती. पुढे त्यानं हॅमंड ऑर्गन थेट गिटारच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. चर्चमध्ये शांतपणे घुमणारं वाद्य गुरगुरू लागलं.

‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवात पुन्हा एकदा ऐका. जगातला प्रत्येक नवशिका ती एका तारेवर, प्लेक्ट्रमनं वाजवतो. ब्लॅकमोर दोन तारा बोटांच्या चिमटीत एकदम ओढतो, त्यामुळे दोन्ही स्वर एकाच क्षणी सुटतात आणि धून कोरल्यासारखी उमटते. मग झांज टिकटिकू लागते. मग तीच धून घेऊन लॉर्डचा ऑर्गन आत येतो, आणि खरा भार तिथे पडतो. त्यानंतर पूर्ण ड्रम, आणि अखेरीस ग्लोव्हरचा बास. एकेक माणूस आपापल्या वेळी दाराशी येतो आणि ऐकणाऱ्याला प्रत्येकाची ओळख पटते. हे मी अनेकांना शांत बसवून ऐकवलं आहे. त्यानंतर ‘ती फक्त एक सोपी गिटारची धून आहे’ असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

५. अल्बमांच्या बाबतीत झेपलिनचं देणं मान्य करा

पहिल्या अल्बमपासून १९७५ च्या ‘फिजिकल ग्राफिटी’पर्यंत झेपलिनचे सहा अल्बम सलग ऐकले तर टाकाऊ जागा फार थोड्या. पर्पलचा ‘इन रॉक’ आणि ‘मशीन हेड’ अव्वल, ‘फायरबॉल’ अर्धाकच्चा, आणि १९७३ चा अल्बम थकलेल्या माणसांचा वाटतो. शिवाय झेपलिनकडे लोकसंगीताची हळवी बाजू आहे. तिसऱ्या अल्बमची बरीच गाणी वेल्समधल्या, वीज नसलेल्या एका झोपडीत पेज आणि प्लँट राहिले तेव्हा रुजली. ही बाजू पर्पलकडे जवळपास नाहीच. हे नाकारून पर्पलचा पक्ष घेणाऱ्याचं मी मनावर घेत नाही.

६. उसनवारी दोघांनीही केली, पण सारखी नाही

झेपलिननं ब्लूजवाल्या कृष्णवर्णीय गीतकारांची गाणी भरपूर घेतली आणि सुरुवातीला श्रेय दिलं नाही. ‘होल लॉटा लव्ह’साठी ब्लूज गीतकार विली डिक्सननं दावा लावला आणि तो १९८७ मध्ये तडजोडीनं मिटला. ‘स्टेअरवे टू हेवन’चा खटला मात्र ते जिंकले. २०१६ मध्ये ज्यूरीनं त्यांच्या बाजूनं कौल दिला आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयानं तो कायम ठेवला.

पर्पलच्या ‘चाइल्ड इन टाइम’मधली ऑर्गनची धून सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडच्या रचनेवरून आली आहे, आणि त्या रचनेचं नाव आहे ‘बॉम्बे कॉलिंग’. बदल्यात त्या बँडनं पर्पलची एक धून उचलली. ही दोन समवयस्कांमधली देवाणघेवाण होती. डिक्सनचं प्रकरण तसं नव्हतं. ज्यांच्याकडे वकील नव्हते त्यांचं घेऊन गप्प बसणं मला आजही खुपतं, कितीही सुंदर वाजवलं तरी.

मुंबईचा विषय निघालाच आहे. पेज आणि प्लँट १९७२ मध्ये मुंबईला आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा ध्वनिमुद्रित केली, आणि ती २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. पर्पलनं १९९५ मध्ये अंधेरीत कार्यक्रम केला. दोन्ही गोष्टींचा अभिमान जरूर बाळगावा, पण गुणवत्तेच्या वादात त्यांना जागा नाही. तसंच १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये पर्पलचा आवाज ११७ डेसिबलवर गेल्याची गिनीज बुकातली नोंद. मोठा आवाज हा विजेचा गुण आहे.

७. निकाल मंचावर लावा

माझ्या मते खरी कसोटी ही. झेपलिनचा ‘हाउ द वेस्ट वॉज वन’ २००३ मध्ये आला, पण त्यातलं वादन जून १९७२ चं, लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या दोन रात्रींचं. पर्पलचा ‘मेड इन जपान’ ऑगस्ट १९७२ चा, ओसाका आणि टोकियोच्या तीन रात्रींचा. मध्ये दोन महिनेही नाहीत. दोन्ही बँड ऐन भरात. बहाणा करायला कुणालाच वाव नाही.

झेपलिनचं वादन विलक्षण आहे. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ पंचवीस मिनिटं चालतं आणि पेज गिटारवर व्हायोलिनचा गज फिरवतो. पण त्या पंचवीस मिनिटांत बराच वेळ पेज बोलतो आणि बाकीचे वाट पाहतात. शिवाय पेजनं नंतर दोन रात्रींमधले उत्तम तुकडे जोडून हा अल्बम सजवला आहे.

आता ‘मेड इन जपान’वरचं ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ लावा. गाणं अर्ध्यावर थांबतं. ब्लॅकमोर गिटारवर एक छोटा तुकडा टाकतो, गिलन तोच गळ्यातून काढून दाखवतो. पुढचा तुकडा अवघड, त्याच्यापुढचा आणखी अवघड, आणि सूर चढत चढत जातात. हे सवाल-जवाब आहेत, लावणीच्या फडात किंवा सतार-तबल्याच्या जोडीत ऐकतो तेच. चूक झाली तर झाकायला जागा नाही. त्यानंतर ‘लेझी’. लॉर्ड एकटाच ऑर्गनशी झटापट करत सुरुवात करतो, आणि बाकीचे चौघं नेमक्या क्षणी झेप घेतात. कुणी खूण केली ते ऐकू येत नाही. पाचही माणसं एकमेकांचं ऐकताहेत, एवढंच कळतं.

याच पाच जणांमध्ये त्या काळात धड बोलणंही होत नव्हतं. गिलन आणि ब्लॅकमोरचं फाटलं होतं, आणि वर्षभरात गिलन गेलाच. तरीही मंचावर ते असे वाजवत होते. हा अल्बम जपानबाहेर काढायला खुद्द बँड फारसा राजी नव्हता, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. झेपलिननं १९८० मध्ये बॉनम गेल्यावर दुकान बंद केलं, आणि पर्पल म्हातारपणीही दौरे करत राहिले. त्यावरूनही काहीजण झेपलिनला मोठेपणा देतात. मी देत नाही. जपानमधल्या त्या रात्रींना पुढच्या पन्नास वर्षांत काय झालं याच्याशी काही देणंघेणं नाही. म्हणून वादाला बसताना मी ‘लेझी’ लावतो आणि समोरच्याला झेपलिनचं त्याच उन्हाळ्यातलं कोणतंही एक गाणं निवडायला सांगतो.