‘टेस्ट’ आणि ‘टेम्प्टेशन’ : कसोटी की मोह?

शास्त्रपाठ : उत्पत्ती 22:1-14, मत्तय 4:1-11, याकोब 1:2-15

शब्बाथशाळेत प्रभूची प्रार्थना शिकवीत असता एका लहान मुलाने आम्हांस विचारले, “परीक्षा नको अशी प्रार्थना आपण करतो, मग वार्षिक परीक्षेला का बसायचे?” वर्ग हसला. इंग्रजी माध्यमात शिकणारी एक मुलगी म्हणाली, “इंग्रजीत तिथे टेस्ट नाही, टेम्प्टेशन आहे.” मुलांचे समाधान झाले; आमचे झाले नाही.

कारण त्याच आठवड्यात मंडळीतील एक बंधू आम्हांस म्हणाले होते, “पगाराच्या दिवशी दारूच्या दुकानावरून यावे लागते. देव माझी परीक्षा पाहतो, आणि मी दर वेळी नापास होतो.” शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आहे, आमच्या सिल्वासात दुकाने उघडी आहेत. ही परीक्षा खरोखर देव घेत होता काय?

प्रथम शब्द पाहू. 1611 च्या किंग जेम्स बायबलात उत्पत्ती 22:1 मध्ये देवाने अब्राहामाला ‘टेम्प्ट’ केले असे आहे. आजचा वाचक दचकतो. परंतु त्या काळी या शब्दाचा अर्थ ‘पारखून पाहणे’ असाही होता. पुढे तो अर्थ मागे पडला व ‘पापाकडे ओढणे’ एवढाच उरला. म्हणून 1885 च्या सुधारलेल्या आवृत्तीत तेथे ‘प्रूव्ह’ आला, आणि 1952 च्या रिवाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीत ‘टेस्ट’.

ग्रीक भाषेत मात्र ‘पेइरास्मोस’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी येतो. मराठीतील ‘परीक्षा’ शब्दावरही प्रभूच्या प्रार्थनेत तोच दुहेरी भार आहे. अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो. याकोब दुसऱ्या वचनात परीक्षांविषयी आनंद मानण्यास सांगतो, आणि तेराव्या वचनात देव कोणालाही मोहात पाडीत नाही असे बजावतो. दोन्ही ठिकाणी मूळ धातू एकच आहे, पण गोष्टी दोन आहेत.

1. हेतू निराळा. सोनार काळ्या दगडावर सोने घासतो. त्या दगडालाच आपण कसोटी म्हणतो. सोने खरे आहे हे कळावे म्हणून तो घासतो, ते नासावे म्हणून नव्हे. मोहाचे तसे नाही. याकोब 1:14 मधील मूळ शब्दात आमिषाची कल्पना आहे. दमणगंगेच्या काठी गळ टाकून बसलेला मनुष्य माशाचे पोट भरावे म्हणून आमिष लावीत नाही.

2. प्रसंग एकच असू शकतो. मत्तय 4:1 मध्ये आत्मा प्रभूला रानात नेतो आणि सैतान मोह घालतो. उपवास तोच, रान तेच. देवाचा हेतू एक, सैतानाचा दुसरा.

3. आपले कर्तव्य निराळे. कसोटीत टिकून राहावयाचे असते (याकोब 1:12). मोहापुढे मात्र योसेफ उभा राहिला नाही. वस्त्र टाकून पळाला (उत्पत्ती 39:12).

आमच्या बंधूंची चूक येथेच होत होती. जेथून पळावयाचे तेथे ते शक्ती अजमावीत उभे राहत, आणि पडल्यावर दोष देवाच्या परीक्षेला देत. 1 करिंथ 10:13 मध्ये निभावाचा मार्ग देण्याचे अभिवचन आहे. आम्ही म्हणालो, “तो मार्ग कदाचित कारखान्याच्या मागच्या फाटकातून जात असेल.” पुढील पगाराच्या दिवशी ते त्या वाटेने घरी गेले. त्यानंतरच्या महिन्यात पुन्हा चुकले. पण आता “देवाने मला पाडले” असे ते म्हणत नाहीत. “देवा, मला धर” असे म्हणतात. हा फरक लहान नाही.

देवच मोहात नेतो असा समज होऊ नये म्हणून फ्रान्समधील रोमन कॅथलिक मंडळीने 2017 साली प्रभूच्या प्रार्थनेतील या विनंतीचे शब्द बदलले. आपण शब्द न बदलताही अर्थ नीट शिकवू शकतो : ‘पित्या, आम्ही दुर्बळ आहोत, आमच्या शक्तीपलीकडच्या प्रसंगात आम्हांला एकटे सोडू नको.’

वर्गात चर्चेसाठी :
1. अब्राहामाची कसोटी व योसेफावरील मोह यांत कोणता फरक दिसतो?
2. आपल्या रोजच्या वाटेवर पळ काढण्याजोगे ठिकाण कोणते?
3. दुःखात असलेल्या माणसाला “देव तुझी परीक्षा पाहतो” असे आपण केव्हा म्हणावे, व केव्हा गप्प बसावे?