चैत्राचे पाणी : शेजाऱ्यांच्या लोकरीतींचा एक अभ्यास

आम्हा बँकेतील लोकांचे वर्ष ३१ मार्चला संपते. त्याच सुमारास शेतकऱ्याचेही वर्ष संपत असते. रब्बीची ज्वारी आणि हरभरा घरात आलेला असतो, कडुलिंब फुलोऱ्यावर असतो, आंब्याला कैऱ्या लागलेल्या असतात. घरात धान्य आणि हाताला थोडी सवड, म्हणून अनेक शेतकरी समाजांनी नववर्ष याच दिवसांत मानले. सण धर्माच्या नावाने ओळखला जातो, परंतु त्याचे मूळ पुष्कळदा ऋतूत आणि शेतात असते.

आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या एकाच राज्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे लोक नांदत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, सीमा आखल्या गेल्या, पण चालीरीती सीमेवर थांबल्या नाहीत. चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, कर्नाटकात युगादी आणि तेलंगणात उगादी म्हणतात. आपल्याकडे लिंबाचा पाला गुळासंगे खातात. कन्नड घरात हाच 'बेवु-बेल्ला', म्हणजे लिंब व गूळ. तेलुगू घरातील 'पच्चडी'त लिंबाचा फुलोरा, गूळ, चिंच, कैरी, मीठ व तिखट अशा सहा चवी असतात. अर्थ एकच : येणाऱ्या वर्षात कडू आणि गोड दोन्ही स्वीकारावे. आपली पुरणपोळी तिकडे 'होळिगे', तर आंध्रात 'बोब्बट्लु' होते. गुढी मात्र मुख्यत्वे मराठी-कोकणी मुलखाची. होळीला बंजारा तांड्यांवर लेंगी गातात, त्याही महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणा या तिन्ही राज्यांत ऐकू येतात.

पुढे वैशाख शुद्ध तृतीयेला नव्या मातीच्या भांड्यात पाणी भरून पूर्वजांचे स्मरण केले जाते. त्याच दिवशी, उमरग्यापासून जवळच असलेल्या कल्याण नगरीत बाराव्या शतकात समतेचा विचार मांडणाऱ्या महात्मा बसवेश्वरांची जयंती असते.

आता थोडे दूर पाहू. सूर्याच्या मेष संक्रमणानुसार एप्रिलच्या मध्यावर पंजाबात बैसाखी, तामिळनाडूत पुत्तांडु, केरळात विषू, आसामात बिहू असतो. श्रीलंकेत सिंहली बौद्ध व तमिळ हिंदू एकाच वेळी नववर्ष मानतात आणि नव्या मडक्यात दूध उतू जाऊ देतात. थायलंडमध्ये १३ ते १५ एप्रिल 'सोंगक्रान' असतो. हा शब्द संक्रांतीवरूनच आला आहे. तेथे बुद्धमूर्तीवर व वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालतात, मग रस्त्यात सारे एकमेकांना भिजवतात. म्यानमारमध्ये हाच 'तिंजान'. याच दिवसांत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला, हा योगायोग आपल्याला आनंदाचा आहे.

येथे एक प्रश्न मनात येतो. कडुलिंब आणि गूळ तीन भाषांत वाटून खाल्ला गेला, पण पाणी? माझे वडील सांगत, लहानपणी चैत्रातल्या पाणपोईवर इतरांना तांब्या मिळे, आमच्या माणसांच्या ओंजळीत मात्र दुरून, वरून पाणी ओतले जाई. चव भाषेची सीमा ओलांडून गेली, पण पाण्याला गावातल्या गावात जातीची भिंत ओलांडता आली नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तेही याच ऋतूत. तळ्याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपला हक्क मान्य केला. त्यासाठी दहा उन्हाळे जावे लागले.

म्हणून लोकरीतींचा अभ्यास करताना केवळ 'जुनी आहे' एवढे पाहून भागत नाही. ती कोठून आली, कोणत्या गरजेतून आली आणि तिच्यात कोणाला बाहेर ठेवले होते, हेही विचारले पाहिजे. ज्या रीतीत ऋतूचे शहाणपण आहे ती समजून घ्यावी, ज्या रीतीत माणसाचा अवमान आहे ती सोडावी. मुलांनी 'आपण गुढी का उभारत नाही?' असे विचारले, तर त्यांना गप्प न बसवता हा सारा इतिहास सांगावा.

आज जयंतीच्या दिवशी गावोगावी आपले तरुण पाणपोई लावतात. तेथे येणाऱ्याची जात कोणी विचारत नाही आणि तांब्या सर्वांना एकच असतो. माझ्या मते चैत्राची सर्वांत चांगली रीत हीच आहे. ती आपण जपू या.